शेजाऱ्याच्या बाजूने खोटी साक्ष

शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष द्यायची नाही, हे धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या मुलालाही ठाऊक असते. पण शेजाऱ्याच्या बाजूने खोटे बोलले तर? हा प्रश्न बंदुकीच्या परवान्यावरून सुचला.

२ फेब्रुवारी २०२४ रोजी रात्री आपल्या उल्हासनगरातील हिललाइन पोलीस ठाण्यात, खुद्द वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनात गोळ्या सुटल्या. कल्याण पूर्वचे तेव्हाचे आमदार गणपत गायकवाड आणि महेश गायकवाड यांच्यात जमिनीचा वाद होता. महेश गायकवाड व त्यांचे एक सहकारी जखमी झाले. गोळीबार आपणच केल्याचे आमदारांनी वृत्तवाहिनीला सांगितले. दोषी कोण, हे न्यायालयाने ठरवायचे. परंतु शस्त्र परवान्याचे होते. गावठी कट्टा असता तर आपण गुंडांना नावे ठेवून मोकळे झालो असतो.

१९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार, हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात तुरुंगवास झालेल्याला सुटकेनंतरही पाच वर्षे शस्त्र बाळगता येत नाही. मनाचे संतुलन ढळलेल्याला किंवा अन्य कारणाने अपात्र असलेल्याला परवाना नाकारायचा असतो. त्यासाठी जवळच्या पोलीस ठाण्याचा अहवाल मागवतात. आता, पोलिसांच्या कागदावर गुन्हे असतात. रोज रात्री भिंतीपलीकडून ऐकू येणारी शिवीगाळ नसते. ती शेजाऱ्याला माहीत असते.

म्हणून हवालदार दारात येऊन विचारतो, "माणूस कसा आहे?" आपण म्हणतो, "चांगला आहे हो, कुणाच्या अध्यात ना मध्यात." कधी भिडेपोटी, कधी भीतीपोटी. नाही म्हटले तर चहाडी केल्यासारखे वाटते. पण नाक्यावर उभे राहून कुणाची उणीदुणी काढणे वेगळे, आणि ज्याला विचारण्याचा अधिकार आहे त्याला डोळ्यांनी पाहिलेले सांगणे वेगळे. ज्याला सत्य जाणण्याचा हक्क नाही त्याला ते सांगण्याचे बंधन नाही, असे ख्रिस्तसभा शिकवते. इथे मात्र हक्क आहे, आणि त्या माणसाच्या घरातल्या बाईचा जीवही त्यात गुंतलेला आहे. ऐकीव गोष्टी अर्थातच सांगू नयेत. तोंड उघडायची भीती वाटत असेल तर निदान खोटी स्तुती तरी करू नये.

चौकशीने सगळे कळते असेही नाही. गेथशेमानी बागेत पेत्राजवळ तलवार होती. साधा मच्छीमार, प्रभूचा जवळचा शिष्य. कुठल्याही चौकशीत तो सहज पास झाला असता. तरी त्याने मल्खाचा कान कापलाच. प्रभूने तो बरा केला, पण प्रत्येक जखमेपाशी प्रभूचा हात असा पोहोचत नाही.

परवाना मिळाल्यावरही सार्वजनिक शांततेसाठी तो निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार कायद्याने ठेवला आहे. आपल्या भागासाठी ठाण्याचे पोलीस आयुक्तालय आहे, तिथे लेखी अर्ज देता येतो. एकट्याने जायला धीर होत नसेल तर चाळीतल्या चौघांनी मिळून जावे.