वाऱ्यावरचं पाणी

जानेवारीत कॅनडातल्या विनिपेगला उजाडायला जवळजवळ साडेआठ वाजतात. पावणेसहाशे किलोमीटरवरच्या रेजायनाला जायचं, वाटेत काय वाढून ठेवलंय ते सांगता येत नाही, म्हणून माणसं अंधारातच निघतात. इंजिन गोठू नये म्हणून रात्रभर त्याचा हीटर विजेवर लावलेला असतो. बॉनेटच्या जाळीतून लोंबणारी त्याची वायर सॉकेटमधून काढून गुंडाळायची, मग किल्ली फिरवायची. उणे तीसच्या खाली पारा गेला की उभ्या गाडीचे टायर खालून चपटे होऊन तसेच ताठरतात आणि पहिले दोन-चार मैल गाडी धडधडत जाते. डिकीत फावडं, ब्लँकेट, मेणबत्ती, काडेपेटी, थोडं खाणं. गाडी अडकली तर ती सोडून चालत निघायचं नाही, हे इथे लहान मुलांनाही ठाऊक असतं.

उजाडतं तेव्हा समोर काही नसतं. क्षितिजापर्यंत बर्फ, मध्येच धान्याचं एखादं उंच कोठार, त्याच्या बाजूने गेलेले रेल्वेचे रूळ. ‘पांढरं वाळवंट’ म्हणून आपण मोकळे होतो. मला ते शब्द पटत नाहीत.

भीती वाटते ती वाऱ्याची. नवा बर्फ पडतच नसतो, वर आभाळ निळंशार, ऊनही असतं. पण जमिनीवरचा कोरडा, रव्यासारखा बर्फ वारा उचलतो आणि रस्त्यावरून आडवा पळवत नेतो. चाकांखालचा डांबरी रस्ता दिसेनासा होतो. मग एकाएकी सगळं स्वच्छ होतं, मैलभर काळाभोर रस्ता दिसतो, आणि पुन्हा पांढरा लोट. हे असं का, ते शेतांकडे पाहिलं की कळतं. जिथे शेत नांगरून सपाट केलंय तिथला बर्फ रस्त्यावर येतो. जिथे गव्हाची धसकटं उभी ठेवली आहेत तिथे तो शेतातच अडकतो. जवळ जाऊन पाहावं: वीतभर उंचीच्या पिवळ्या काड्या, ओळीने, आणि प्रत्येक काडीच्या आडोशाला साचलेली बर्फाची चिंचोळी रेघ. रेघेला रेघ मिळून सगळं शेत भरतं.

या मुलखात वर्षाला पाणी पडतं ते सुमारे ४०० मिलिमीटर, आणि त्यातला पाव हिस्सा तरी बर्फाच्या रूपाने. आपण पावसाळ्यात बांध घालतो, ही माणसं धसकटं उभी ठेवतात. जमीन गोठलेली असली की वितळलेलं बरंचसं पाणी वाहून जातं हे खरं, पण जे मुरतं त्यावर मे महिन्यातली पेरणी उगवते. हे शहाणपण स्वस्तात आलेलं नाही. १९३० च्या दशकात पावसाने दगा दिला, आणि पुन्हा पुन्हा नांगरून मोकळी झालेली माती काळ्या वादळांतून उडून गेली. हजारो कुटुंबं घरदार सोडून निघाली. त्याच्याही आधी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून, रेजायनाच्या पूर्वेला इंडियन हेड इथे सरकारी रोपवाटिका होती. तिने शेतकऱ्यांना वाऱ्याला अडवणारी झाडं फुकट वाटली. रस्त्यालगतच्या घरांभोवती त्या झाडांच्या रांगा अजून दिसतात.

इंडियन हेडजवळच्या पेट्रोल पंपावर एक म्हातारा शेतकरी कॉफी घेत उभा होता. यंदा बर्फ कमीच पडला, म्हणाला, अजून दोन चांगली वादळं यायला हवीत. काय पेरणार, विचारलं, तर म्हणाला, मसूर.

या सस्कॅचवान प्रांतातली मसूर! १९७० च्या दशकात सस्कॅटूनच्या विद्यापीठात अल स्लिंकार्ड या शास्त्रज्ञाने या थंड मुलखात टिकणारी वाणं तयार केली, आणि आज जगाच्या बाजारातली कितीतरी मसूर इथून जाते. आपल्याकडे बाहेरून येणाऱ्या मसुरीतही कॅनडाचा वाटा मोठा आहे. रोप जेमतेम गुडघ्याएवढं; पाणी थोडंच लागतं, पण ते वेळेवर हवं. गव्हाच्या उंच धसकटांतच ती पेरतात, म्हणजे बर्फाची ओल मिळते आणि रोपाला आधारही. कराड-इस्लामपूरकडच्या ढाब्यावर आख्ख्या मसुरीचं ताट पुढे येतं तेव्हा त्यात कुठल्या रानातलं पाणी मुरलं असेल, याचा विचार मी तोवर कधी केला नव्हता.

त्या म्हाताऱ्याला हवा होता आणखी फूटभर बर्फ, मला संध्याकाळपर्यंत मोकळा रस्ता. पुढच्या सत्तर किलोमीटरांत वारा पुन्हा सुटला, गाडी हळू करावी लागली. तरीही मनापासून वाटत राहिलं, पडू दे, मार्चपर्यंत भरपूर पडू दे, आणि त्याच्या धसकटांत ठरू दे.