कुसळ

वैशाखातली पहाट. कारंज्याजवळच्या माळावरून एक म्हातारा फासेपारधी आणि त्याची सहावीतली नात चालले होते. पोरीच्या हातातल्या पिशवीत कडुनिंबाची दोन रोपं होती, शाळेला सुट्टी लागताना मिळालेली.

नाल्याच्या काठी हिवर आणि पळस तेवढे हिरवे. बाकी मुरूम, काळे दगड आणि वाळलेल्या गवताचे ठोंब.

"आबा, सारं मेलं ना इथलं. इथंच लावू रोपं?"

"थांब बाई. आंधी हे पाय."

आबा उकिडवा बसला. एका ठोंबाची वाळकी पाती त्यानं बोटांनी बाजूला सारली. अगदी बुडाशी, मातीला टेकून, मुगाच्या दाण्याएवढा फिकट हिरवा डोळा होता. पोरीनं बोट लावून पाहिलं. ओलसर होता.

हाच माळ एकदा खरोखर मेला होता, आबानं सांगितलं. हिरवं दिसेल तेवढंच जिवंत, अशी आपली समजूत. तिच्यापायी कुणीतरी गवत खरवडून ओळीनं खड्डे घेतले आणि झाडं लावली. दोन उन्हाळ्यांत रोपं जळाली. उघड्या मातीवर गाजरगवत माजलं, गुरांचा चारा गेला आणि तणमोर दिसेनासा झाला. कोंबडीएवढा हा पक्षी. पावसाळ्यात मादीला दिसावं म्हणून नर उंच गवतातून वर उड्या घेतो. गवतच नसेल तर तो येईल कशाला? आज जगातल्या अतिसंकटग्रस्त पक्ष्यांत त्याची गणना होते.

तो कुठून उठतो, कुठं उतरतो, हे फासे लावणाऱ्यांइतकं कुणाला ठाऊक असणार? इंग्रजांनी गुन्हेगार ठरवलेला हा फासेपारधी समाज 1952 साली कागदावर मोकळा झाला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीवरही बंधनं आली. पण नजर शाबूत होती. कारंज्याच्या 'संवेदना' संस्थेच्या सोबतीनं अकोला-वाशीमकडच्या फासेपारध्यांनी हीच नजर माळ आणि तणमोर राखायला लावली. आबाच्या बेड्यानंही, म्हणजे वस्तीनंही, ठरवलं: गाजरगवत फुलायच्या आत उपटायचं, पावसाळाभर माळावर गुरं सोडायची नाहीत, बी झडल्यावरच विळा लावायचा. हळूहळू गवत परत आलं.

"मंग गवत लावलं कोनं?" सारं ऐकून पोरीनं विचारलं.

आबानं तिच्या फ्रॉकमध्ये रुतलेलं एक कुसळ काढून तिच्या तळहातावर ठेवलं. "थुका लाव."

तिनं बोट ओलं करून टेकवलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग कुसळ हललं, अंगातला पीळ सोडत घड्याळाच्या काट्यासारखं गोल फिरू लागलं. ओल लागली की पीळ सुटतो, वाळलं की परत बसतो. त्या फिरण्यातच टोकाचं अणकुचीदार बी मातीत शिरत जातं.

"आपुन फकस्त त्याच्या आड आलो नाई," आबा म्हणाला.

पोरीनं पिशवीकडे पाहिलं. "अन् हे?"

"बेड्यावर हापशीपाशी लाव. पानी भरनाऱ्या बायांले सावली होईल."

परतताना ती मागंच राहिली. फ्रॉकमधलं एकेक कुसळ काढायची, वाकायची, भेग शोधून त्यात टाकायची. ऊन चढत होतं. आबा पुढं जाऊन पळसाखाली थांबला. त्यानं हाक मारली नाही.