खमीर, उरलेले पीठ आणि इस्राफ

खमीर म्हणजे आंबलेल्या पिठाचा राखून ठेवलेला अंश. कालच्या दह्यातील चमचाभर विरजण जसे आजच्या दुधाला लागते, तसे हे खमीर नव्या कणकेला फुगवते. अलीकडे पुण्यातील काही घरांत याच रीतीने ‘सावरडो’ पाव भाजला जातो. खमीर जिवंत राहावे म्हणून त्याला नियमित पीठ व पाणी द्यावे लागते, आणि प्रत्येक वेळी त्यातील बराचसा भाग आधी काढून टाकण्याचा प्रघात आहे. मग प्रश्न उभा राहतो: हे इस्राफ, म्हणजे उधळपट्टी, नव्हे काय?

काढण्यामागे सबळ कारण आहे. 50 ग्रॅम खमिराला तितकेच पीठ व तितकेच पाणी दिले, तर ते 150 ग्रॅम होते. काहीही न काढता हेच प्रमाण राखले, तर पुढच्या खेपेस 450 आणि त्यानंतर 1350 ग्रॅम होईल. तेव्हा काढणे अपरिहार्य आहे. परंतु काढलेले कचऱ्यात गेलेच पाहिजे, असे मात्र नाही. ‘टाकाऊ’ हे नाव पिठाला आपण देतो.

दिव्य कुरआनातील सूरह अल-आराफच्या 31व्या आयतीत खाण्यापिण्याची अनुज्ञा आणि उधळपट्टीची मनाई एकत्र आली आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी खाली पडलेला घासही स्वच्छ करून खाण्याची शिकवण दिली आणि आपल्या अन्नाच्या कोणत्या भागात बरकत आहे हे आपल्याला ठाऊक नसते, असे समजावले. ही हदीस ‘सहीह मुस्लिम’मध्ये आहे. बरकत कोठे आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्याने पिठाचा एक भाग निरुपयोगी ठरवण्याची घाई का करावी?

यावर कोणी म्हणेल, उरलेले गरिबाला द्यावे. येथे सावध राहावे. जे स्वतः डोळे झाकल्याशिवाय स्वीकारणार नाही, असे निकृष्ट दान देण्यास सूरह अल-बकराच्या 267व्या आयतीत मनाई आहे. म्हणून ते पीठ प्रथम आपल्याच दस्तरखानवर यावे. त्यात बेसन, कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर व मीठ घालून तव्यावर उत्तम धिरडी होतात. शेजाऱ्याला द्यायचे, तर त्यांतलीच गरम धिरडी द्यावीत.

मात्र काटकसरीलाही मर्यादा आहे. नव्याने लावलेल्या खमिरात पहिले काही दिवस इतर जिवाणूही वाढतात. त्या दिवसांतले पीठ खाऊ नये. बुरशी आली किंवा गुलाबी-नारिंगी छटा दिसली, तर सर्वच टाकावे. हा इस्राफ नव्हे. जीविताचे रक्षण हाही शरीअतचा हेतू आहे.

खरा उपाय आरंभीच आहे. घरासाठी 10 ग्रॅम खमीर राखणे पुरेसे. पाव करायच्या आदल्या रात्री ते हवे तितके वाढवता येते. रोज भाजायचे नसेल, तर फ्रिजमध्ये ठेवून आठवड्यातून एकदा पीठ-पाणी द्यावे. उधळपट्टी बहुधा टाकण्याच्या क्षणी सुरू होत नाही. गरजेहून अधिक बाळगले, तेव्हाच ती सुरू झालेली असते. ही गोष्ट पिठाइतकीच कपड्यांना, लग्नाच्या मेजवानीला आणि घरातील सामानालाही लागू आहे.

अल्लाह आपल्याला त्याच्या नेमतींची कदर करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.