विषाणूने कोणत्या पेशीत शिरावे

जनुकोपचारात विषाणू ‘नेमक्या पेशीत’ जनुक नेऊन पोहोचवतो, असे इतक्या सहजपणे लिहिले जाते की तो त्याचा स्वभावच वाटावा. प्रत्यक्षात, रोगकारक जनुके काढून वाहक बनवलेल्या लेंटीविषाणूवर बहुधा गुरांच्या तोंडात फोड आणणाऱ्या दुसऱ्याच विषाणूचे प्रथिन बसवलेले असते. ते कोलेस्टेरॉलचे कण आत घेणाऱ्या ग्राहीला चिकटते आणि हा ग्राही शरीरातील बहुतेक पेशींवर आढळतो.

येथे दोन प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत: विषाणूने कोठे शिरावे, आणि बदललेल्या पेशीने कोणावर चाल करावी. आयआयटी मुंबई, टाटा स्मारक केंद्र आणि इम्युनोअ‍ॅक्ट यांच्या नेक्सकार19 या 2023 मध्ये मान्यता मिळालेल्या उपचारात रुग्णाच्या टी-पेशी बाहेर काढून त्यांत जनुक घालतात, आणि परत दिलेल्या या पेशी सीडी19 हे प्रथिन असलेल्या बी-पेशी, कर्करोगी असोत वा निरोगी, नष्ट करतात. दुसऱ्या प्रश्नाला हे उत्तम उत्तर आहे, तेही परदेशातील किमतीच्या सुमारे एक-दशांशात. पहिला प्रश्न मात्र टाळलेला आहे.

पेशी बाहेर काढल्या की तो प्रश्न उरतच नाही, असे मानणाऱ्यांचे म्हणणे बव्हंशी खरे असले तरी पुरते खरे नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी 2018 मध्ये याच जातीच्या दुसऱ्या उपचारातील एक घटना नोंदवली: टी-पेशींसोबत राहून गेलेल्या एका कर्करोगी बी-पेशीत जनुक शिरले, त्या जनुकापासून बनलेल्या प्रथिनाने तिचे सीडी19 झाकले, ती टी-पेशींना दिसेनाशी झाली आणि तिच्याच वंशातून रोग उलटला.

अर्थात, एका दुर्मीळ घटनेवरून रूढ मार्ग मोडीत काढता येत नाही. ठरलेल्या पेशीतच शिरणाऱ्या लक्ष्यवेधी वाहकाची खरी निकड अंतरातून येते. नांदेडजवळच्या लोह्यातील रुग्णाला मुंबईसारख्या दूरच्या शहरातील मोठे रुग्णालय गाठून पेशी द्याव्या लागतात, त्या तयार होईपर्यंत काही आठवडे थांबावे लागते, मग केमोथेरपी आणि देखरेख. औषध स्वस्त झाले तरी सोबतच्या नातेवाइकाची बुडणारी मजुरी त्या किमतीत कोठेच धरलेली नसते. वाहकावरील प्रथिनाची जुनी पकड मोडून त्याला टी-पेशी ओळखणारा प्रतिपिंडाचा तुकडा जोडला, तर तो थेट शिरेतून देता येईल, आणि अशा चाचण्या परदेशात माणसांवर सुरू झाल्या आहेत. परंतु शरीरात कर्करोगी बी-पेशी एक-दोन नव्हे, असंख्य असतात. म्हणून अशा वाहकाबाबत तो टी-पेशींत किती शिरला याच्याही आधी बी-पेशींत, यकृतात आणि जननपेशींत किती शिरला, याची मोजणी मागितली पाहिजे.