घरकुलाच्या अर्जांतील एक रकाना

पावसाळ्याच्या आरंभीं पापडी येथें एका विधवा बाईच्या घरीं आम्ही प्रार्थनेस गेलों होतों. भिंतींस ओल चढली होती, पत्र्यावर ताडपत्रीचें ठिगळ होतें, आणि आम्हांस दिलेली खुर्ची तेवढी कोरड्या जागेवर होती. प्रार्थना झाल्यावर बाईनें रमाई आवास योजनेचा अर्ज पुढें केला व विचारिलें, "पाळकसाहेब, बाप्तिस्म्यापूर्वींचा जातीचा दाखला माझ्यापाशीं आहे. त्यावर हिंदू लिहिलेलें आहे. तो जोडूं काय?"

त्या दिवशीं आम्हीं उत्तर दिलें नाहीं.

सदर योजना अनुसूचित जाती व नवबौद्ध यांजकरितां आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानें ख्रिस्ती मनुष्य अनुसूचित जातींतून वगळला गेला. १९५६ सालीं शीख व १९९० सालीं बौद्ध आंत घेतले गेले. ख्रिस्ती अद्यापि बाहेरच आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें असेंही म्हटलें कीं, ख्रिस्ती धर्म पाळीत असतां केवळ सवलतीसाठीं हिंदु म्हणविणें ही राज्यघटनेची फसवणूक होय. परंतु बाप्तिस्म्यानें त्या बाईचें दारिद्र्य धुऊन गेलें नाहीं, आणि शेजाऱ्यांच्या मनांतून तिची जातही गेली नाहीं. हा नियम आम्हांस अन्यायाचा वाटतो, व तसें सरकारास उघडपणें सांगत राहणें मंडळीचें काम आहे.

पण अन्यायास खोट्यानें उत्तर द्यावें काय? कोणी म्हणतात, नामानानें धन्याबरोबर रिम्मोनाच्या देवळांत वांकण्याची क्षमा आधींच मागितली, आणि अलीशानें त्यास शांतीनें जाऊं दिलें. मग या गरीब बाईशींच एवढी कठोरता कां? हा दाखला वजनदार आहे, आम्हीं त्याचा पुष्कळ विचार केला. तथापि नामानानें आपली अडचण संदेष्ट्यापुढें उघड केली, कोणाच्या डोळ्यांत धूळ टाकिली नाहीं. येथें तर स्वतःच्या सहीनें खोटें लिहून द्यावयाचें, आणि तो कागद उद्यां तिचींच मुलें वाचणार. पेत्र शेकोटीजवळ उभा होता तेव्हां त्यासही थंडीच वाजत होती.

हें लिहितांना लाज वाटते. आमचें राहतें घर मंडळीचें, त्याचीं कौलें शाबूत. खरेपणाची किंमत मात्र त्या बाईनें भरावी! म्हणून 'नको' एवढें सांगून उठणें पाळकास शोभत नाहीं.

पापडी वसई-विरार महानगरपालिकेंत असल्यामुळें तेथें २०१५ सालीं सुरू झालेली प्रधानमंत्री आवास योजनेची शहरी शाखा लागू पडते; २०२४ पासून तिचा दुसरा टप्पा चालू आहे. तींत धर्माची अट नाहीं. कुटुंबाचें देशांत कोठेंही पक्कें घर नसावें व उत्पन्न ठरलेल्या मर्यादेंत असावें. स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्या गरिबास अडीच लाखांपर्यंत साहाय्य हप्त्यांनीं मिळतें. उपदेशकांनीं हेंही ध्यानांत ठेवावें कीं, वारली वा कातकरी मनुष्य ख्रिस्ती झाला तरी जमातीचा हक्क गमावीत नाहीं. त्यास शबरी घरकुल योजनेचा अर्ज निःशंकपणें करतां येतो.

खरी अडचण जागेच्या कागदाची. बाईची जागा मयत सासऱ्याच्या नांवावर आहे. वारसनोंदीसाठीं आमचे उपदेशक तिच्याबरोबर दोनदां तलाठ्याकडे जाऊन आले, आणखीही जावें लागेल. मंडळींतील तरुणांनीं तोंवर नवी ताडपत्री घातली आहे. जुना दाखला तिनें पेटींत परत ठेविला. तिनें तो फाडला नाहीं, आणि आम्हींही फाड म्हटलें नाहीं.