तटस्थ शाळा कोणाची?

जून १८५६ मध्ये एका महार मुलाने धारवाडच्या सरकारी शाळेत नाव घालण्यासाठी अर्ज केला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. अर्ज थेट मुंबई सरकारपर्यंत गेला आणि पुढच्याच महिन्यात त्यावर ठराव झाला. न्याय या मुलाच्या बाजूने आहे, हे सरकारने त्यात मान्य केले. मात्र एकट्यादुकट्यासाठी युगानुयुगांच्या समजुतींना एकदम हात घातला, तर शिक्षणाच्या कामाचेच नुकसान होईल, असे म्हणून प्रवेश नाकारला.

दोनच वर्षांपूर्वी, १८५४ मध्ये, वुडच्या खलित्याने इलाख्याइलाख्यांत शिक्षण खाते उभारण्याचा पाया घातला होता. सरकारी शाळेत धर्माचे शिक्षण द्यायचे नाही, हेही त्यात ठरले होते. सरकारी पैशाने मुले बाटवली जातील ही लोकांची धास्ती पाहता धोरण शहाणपणाचेच होते. पण धारवाडात वर्गात काय शिकवायचे यावर वाद नव्हताच. वर्गात बसायचे कोणी, यावर होता. आणि विद्या कोणाला द्यावी, कोणाला देऊ नये, याचे उत्तर धर्मशास्त्राने शेकडो वर्षांपूर्वीच देऊन ठेवले होते. सरकार त्यात पडले नाही, म्हणून तेच जुने उत्तर सरकारी शाळेचा नियम झाले. दाराशी थांबलेल्या मुलाला तटस्थ सरकार आणि सोवळे गाव यांत काय फरक दिसला असेल?

हा पेच एका शाळकरी मुलीने त्याच्या आदल्याच वर्षी नेमका पकडला होता. मुक्ता साळवे ही फुले दांपत्याच्या पुण्यातील शाळेची, मांग समाजातील विद्यार्थिनी. १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. तिचा युक्तिवाद सरळ आहे. वेद फक्त ब्राह्मणांचे असतील, तर आम्हाला धर्मपुस्तक नाही. पुस्तक नाही, तर आम्हाला धर्मही नाही. मग आमचा धर्म कोणता ते देवानेच सांगावे. वाचायला शिकलेल्या मुलीने पहिल्यांदा काय तपासले, तर ज्या व्यवस्थेने तिला वाचू दिले नव्हते तिचा आधार. सार्वजनिक शिक्षणाला त्या काळी एवढा विरोध का झाला, हे तिच्या निबंधाइतके स्पष्ट करणारे दुसरे काही सापडणे अवघड आहे.

१८५८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील संचालकांनी सरकारी शाळा सर्व वर्गांसाठी खुल्या आहेत, असे बजावले. कागदावरचा निवाडा बदलला. गावोगावच्या शाळा मात्र होत्या तशाच राहिल्या. १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिले, तेव्हाही महार-मांगांची मुले शाळांतून जवळजवळ वगळलेलीच होती, कारण वरच्या जातींच्या मुलांशेजारी त्यांना बसू दिले जात नव्हते. सरकारचा महसूल रयतेच्या कष्टातून येतो आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या शिक्षणावर, हा फुल्यांचा मुख्य आक्षेप होता. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी त्यांची मागणी होती.

प्रवेश मिळाला म्हणजे शाळा मिळाली, असेही नव्हते. साताऱ्याच्या शाळेतील दिवसांबद्दल डॉ. आंबेडकरांनी लिहून ठेवले आहे. बसायला वेगळे गोणपाट, आणि तेही रोज घरी न्यायचे, कारण शाळा झाडणारा नोकर त्याला शिवत नसे. तहान लागली तर शिपायाने नळ सोडायचा. शिपाई नसला की पाणी नाही. क्रमिक पुस्तकात धर्माचा शब्द नसला, तरी त्या मुलाला धर्म गोणपाटावर आणि नळापाशी शिकवला जात होता.

नुसते दार उघडून भागत नव्हते, मूल शाळेत आणून बसवण्याची जबाबदारी राज्याने घ्यायला हवी होती. म्हणूनच सक्तीचे महत्त्व. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेलीत सुरू केलेली सक्ती १९०६ मध्ये सगळ्या बडोदा संस्थानात लागू केली. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्यासाठी गोपाळ कृष्ण गोखल्यांनी आणलेले १९११ चे विधेयक मात्र पुढच्या वर्षी फेटाळले गेले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड. त्याहून मोठे पाऊल १९१९ चे. अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा त्यांनी बंद केल्या आणि सगळी मुले एकाच शाळेत बसतील असा हुकूम काढला. धर्माच्या नावाने आखलेली रेघ पुसायची, तर राज्याला बाजू घ्यावीच लागते, हे या राजाने ओळखले होते.

वर्गात काय शिकवायचे आणि वर्गात कोणी बसायचे, हे दोन्ही प्रश्न राज्यघटनेने वेगळे ओळखले. अनुच्छेद २८ नुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. अनुच्छेद २९ नुसार सरकारी किंवा अनुदानित शाळेत धर्म, वंश, जात, भाषा एवढ्याच कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना दहा वर्षांत मोफत शिक्षण देण्याचा संकल्प मात्र लांबत गेला. तो मूलभूत हक्क झाला २००२ च्या घटनादुरुस्तीने आणि शिक्षण हक्क कायद्याने अंमलात आला १ एप्रिल २०१० पासून.

वाद अजून संपलेला नाही. खासगी विनाअनुदानित शाळांनी पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना द्याव्यात, असे हा कायदा सांगतो. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना या कायद्यातून वगळले. आपली भाषा, आपला धर्म जपणारी शाळा अल्पसंख्याकांना हवीच, तो हक्क किरकोळ नाही. पण त्याच गल्लीतील गरीब मुलासाठी चार बाके राखली, तर त्या शाळेचा धर्म बुडतो, हे पटण्यासारखे नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने २०२५ मध्ये त्या निकालाबद्दल शंका नोंदवली आणि मोठ्या पीठाने तो पुन्हा तपासावा, असे सुचवले.