नागपूर किती लांब?

मुंबई ते नागपूर अंतर किती, या प्रश्नाला तीन उत्तरं आहेत आणि तिन्ही खरी आहेत. रेल्वेने ८३७ किलोमीटर, समृद्धी महामार्गाने ७०१ आणि विमानाच्या सरळ रेषेत सुमारे ६८०. पण नागपूरकराला विचाराल तर तो किलोमीटरच्या भानगडीत पडत नाही. 'संध्याकाळी विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसलं की सकाळी मुंबई,' असं सांगतो. नाहीतर 'दीड तासाचं तर फ्लाइट आहे!'

हा दीड तास जरा तपासून पाहावा. ताशी आठशेच्या वेगाने जाणाऱ्या जेटला ६८० किलोमीटरसाठी तासभरही लागू नये. वेळापत्रकातला वेळ मात्र विमान जागेवरून हललं की सुरू होतो आणि पलीकडे जागेवर थांबलं की संपतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी सुरू ठेवता येत नाहीत. मग उडायला रांग, उतरायला घिरट्या. कंपन्या याची तजवीज वेळापत्रकातच करून ठेवतात, म्हणून पंधरा मिनिटं उशिरा निघालेलं विमानही 'वेळेवर' पोचतं. शिवाय दीड-दोन तास आधी विमानतळ गाठायचा, त्याआधी मुंबईची वाहतूक पार करायची. दारापासून दारापर्यंत पाच तास कुठे गेले कळत नाही.

म्हणजे जवळ-लांब हे नकाशा ठरवत नाही, व्यवस्था ठरवते. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री नागपुरात जमत. टपालाच्या थैल्या आणि उतारू यांची अदलाबदल होई आणि विमानं आपापल्या दिशेने परत उडत. तेव्हा चारही महानगरं नागपूरला एका रात्रीच्या अंतरावर होती. पुढे थेट उड्डाणं वाढली आणि मध्यावर असण्याचा भाव उतरला. नागपूर मात्र होतं तिथेच होतं.

विदर्भाला मराठी राज्यात आणण्यासाठी झालेल्या १९५३ च्या नागपूर कराराने मुंबई-नागपूर अंतर दुसऱ्या बाजूने कापायचा प्रयत्न केला. दरवेळी लोकांनीच का मुंबई गाठायची, वर्षातून काही काळ सरकारनेच नागपुरात यावं, असं ठरलं. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन नागपुरात आजही भरतं. फरक इतकाच, की आता सकाळी आलेल्या मंत्र्याला संध्याकाळच्या विमानाने मुंबईला परतता येतं.

त्याच अधिवेशनावर मोर्चा घेऊन येणारा गडचिरोलीचा माणूस बसने येतो. गडचिरोली ते नागपूर साधारण १७० किलोमीटर, आणि एसटीला चारेक तास. म्हणजे अंतर विमानाच्या चौथाईचं, वेळ फ्लाइटच्या दीड तासाच्या दुपटीहून जास्त. भामरागड तर गडचिरोलीच्याही कितीतरी पुढे. पर्लकोटा नदीला पूर आला की त्याचा संपर्कच तुटत आलेला. तिथून पाहिलं तर मुंबई-नागपूर प्रवासात वाचलेले तास कोणाच्या खात्यात जमा झाले, हे लगेच समजतं.

वेगाच्या कौतुकाला माझी हरकत नाही. तासांचा हिशेब अर्धाच मांडला जातो, याला आहे. दोन मोठी शहरं आणखी दहा मिनिटांनी जवळ आणायची म्हटली की पैसा उभा राहतो, कारण त्या मिनिटांच्या धन्यांचा शब्द चालतो. गडचिरोलीच्या एसटीचा तासभर वाचवायला बरा रस्ता, उंच पूल आणि वेळेवर सुटणारी गाडी पुरते. अडचण एवढीच, की त्याच्या उद्घाटनाला विमानाने कोणी येत नाही.